सहीची पुस्तकं आणि पहिल्या आवृत्त्या: मराठी पुस्तकं जमवणाऱ्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न परत परत येतात, त्यामुळे एकदाच सगळं लिहून ठेवतोय. इथे मुख्यतः १९४० नंतरच्या मराठी साहित्याबद्दल बोलतोय, पोथ्या आणि शिळाप्रेसवरची पुस्तकं हा वेगळा विषय आहे, त्यात मला पडायचं नाही.

जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक म्हणजे पहिली आवृत्तीच ना?

नाही हो. आपल्याकडच्या कागदाला पिवळं पडायला वीस वर्षंही पुरतात. सगळ्यात आधी बघायचं ते हे की पुस्तक मुळात कोणी काढलं होतं. 'कोसला' १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलरकडे गेली, मग पॉप्युलरची प्रत कितीही जुनी दिसली, तिच्यावर चहाचे डाग असले, तरी ती पहिली असूच शकत नाही. 'ययाति'चंही तसंच, १९५९, देशमुख आणि कंपनी, आज दुकानात मिळते ती मेहताची. त्यामुळे ज्या लेखकाच्या मागे लागायचंय त्याच्या पुस्तकांची यादी करा, साल आणि मूळ प्रकाशक लिहा, आणि ती यादी फोनमध्ये ठेवून मगच बाजारात जा. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरा घोळ म्हणजे आपले प्रकाशक कधी 'आवृत्ती' लिहितात, कधी 'मुद्रण', कधी 'पुनर्मुद्रण', आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. एकच मजकूर, एकच अक्षरजुळणी, फक्त परत छापलंय तरी 'आवृत्ती दुसरी' असं ठोकून दिलेलं असतं. उलट कुठे लेखकाने चार प्रकरणं बदलली तरी 'पुनर्मुद्रण'. संग्राहकाच्या दृष्टीने पहिली म्हणजे पहिल्यांदा छापून बाजारात आलेली खेप, बस. 'सुधारित पहिली आवृत्ती' किंवा 'या प्रकाशनाची पहिली आवृत्ती' असं काही लिहिलं असेल तर ती पहिली नाही, कितीही गोड शब्दात लिहिलं असलं तरी.

श्रेयपानावर नक्की काय काय बघायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, त्यामुळे जरा लांब उत्तर देतो.

श्रेयपान म्हणजे प्रकाशक, मुद्रक, तारीख, किंमत वगैरे छापलेलं सुरुवातीचं पान. आधी तारीख. जुन्या पुस्तकांत बऱ्याचदा इसवी सन नसतोच, शके असतो, किंवा नुसती तिथी, 'विजयादशमी, शके १८८४'. शकेमध्ये पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे विजयादशमी शके १८८४ म्हणजे १९६२, पण माघ शके १८८४ म्हणजे १९६३. विक्रेते सरसकट ७८ मिळवून मोकळे होतात आणि मग यादीत साल जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात.

मग किंमत. रुपये-आणे असेल तर साधारण १९५७ च्या आधीचं. 'नवे पैसे' असं छापलं असेल तर फारच सोपं, कारण हा शब्द १९५७ ते १९६४ एवढ्याच काळात अधिकृत होता, पुढे त्यातला 'नवे' गळला. नंतर किमतीवर चिकटवलेली वाढीव किमतीची पट्टी दिसली तर ती सोलू नका प्लीज, खालची किंमत उजेडात धरली की दिसते बहुतेक वेळा.

पत्ता. प्रकाशकाच्या पत्त्यात 'मुंबई ४' किंवा 'पुणे २' एवढंच असेल तर जुनं, सहा आकडी पिनकोड असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचंच, कारण पिनकोडच तेव्हा आले. एकदा १९६७ ची म्हणून दाखवलेल्या कादंबरीच्या प्रतीत मुद्रकाच्या पत्त्यापुढे ४०० ००४ असं स्वच्छ छापलेलं होतं, विक्रेत्याला दाखवल्यावर तो म्हणाला, 'साहेब, पोस्टाने नंतर टाकला असेल'. यावर काय बोलणार.

आयएसबीएन असेल तर साठच्या दशकातली पहिली आवृत्ती विसरा. आणि तो नंबर ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी असेल तर बहुतेक २००७ किंवा त्यानंतरचं पुस्तक आहे.

आणि शेवटचं, जे इंग्रजी पुस्तकं जमवणाऱ्यांना कधीच कळणार नाही: अनुस्वार. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकांत 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' अशी अनुस्वारांची पेरणी असते, आणि नंतर परत जुळणी झाली की ते अनुस्वार उडतात. त्यामुळे १९५५ सालची पहिली आवृत्ती म्हणून कोणी दाखवली आणि आत सगळीकडे 'नाही', 'काही', 'घरात' असेल तर शंका घ्यायलाच हवी. उलटं मात्र खात्रीचं नाही, काही लेखक आणि प्रकाशक हट्टाने जुनंच लेखन चालवत राहिले.

श्रेयपान फाटलंय किंवा बाइंडिंगमध्ये गेलंय. आता?

शेवटची पानं उघडा. प्रकाशकाने 'आमची इतर प्रकाशने' किंवा 'आगामी' अशी जाहिरात टाकलेली असते. १९६२ च्या पुस्तकामागे १९६८ सालच्या कादंबरीची जाहिरात असेल तर विषय संपला. लेखकपरिचयात एखादा नंतर मिळालेला पुरस्कार आला असेल तरी तेच.

छापलेलं साल खरं असतंच का?

असतंच असं नाही, आणि याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जी. ए. कुलकर्णींचं 'काजळमाया'. या पुस्तकाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि मग पुस्तक प्रत्यक्षात कधी प्रकाशित झालं यावरून वाद उठला, ते पुरस्काराच्या मुदतीत बसतं की नाही वगैरे. जीएंनी सरळ पुरस्कार परत करून टाकला. म्हणजे प्रकाशनाची तारीख ही फक्त आपल्यासारख्या रिकामटेकड्यांची चिंता नाही! व्यवहारात एवढंच धरून चाला की पानावर छापलेलं साल आणि दुकानात पुस्तक पोचल्याचा दिवस यात काही महिन्यांचं अंतर सहज असू शकतं.

कथा आधी 'सत्यकथे'त किंवा दिवाळी अंकात आली असेल तर खरी पहिली कुठली?

पुस्तक म्हणून पहिली ती पुस्तकाचीच. पण अंक जमवणं हा स्वतंत्र छंद आहे आणि माझ्या मते सध्या त्यातच जास्त मजा आहे, कारण लोक अजूनही अंक रद्दीत देतात. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं, त्यामुळे आहेत तेवढेच अंक आहेत, नवीन येणार नाहीत. अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'चं बघा, इंग्रजीतली ती कविता १९७४ मध्ये आधी एका नियतकालिकात आली आणि मग १९७६ मध्ये क्लिअरिंग हाउसने पुस्तक काढलं, आणि हे प्रकाशन कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, आदिल जस्सावाला, गीव पटेल या कवींनी मिळूनच चालवलं होतं. पुढच्याच वर्षी 'जेजुरी'ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं. १९७६ ची ती प्रत मिळाली तर दुसरं काही विचारू नका, घ्या.

नुसती सही चांगली की नाव घालून केलेली?

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात म्हणतात की नुसती सही बरी, कारण 'अमुकला प्रेमपूर्वक' लिहिलं की पुढे विकायला अडचण. मला हे मराठीच्या बाबतीत अजिबात पटत नाही. नुसती सही समारंभात टेबलावर गठ्ठा ठेवून शंभर प्रतींवर होते. पण 'सप्रेम भेट' आणि खाली नाव, तारीख, गाव असेल तर ती प्रत लेखकाच्या हातून कोणाकडे गेली ते कळतं, आणि ते नाव जर दुसऱ्या लेखकाचं, समीक्षकाचं, संपादकाचं निघालं तर ती प्रत एकमेव झाली. मराठी साहित्याचं जग केवढंसं, सगळे एकमेकांना पुस्तकं द्यायचे. 'अभिप्रायार्थ' किंवा 'परीक्षणार्थ' लिहिलेली किंवा तसा शिक्का मारलेली प्रत दिसली तर आतली पानं नीट चाळा, समासात पेन्सिलीने खुणा असतात. एका कवितासंग्रहात मला सबंध पुस्तकभर फक्त एका ओळीखाली रेघ आणि बाजूला 'हं' एवढंच लिहिलेलं सापडलं होतं, तो 'हं' कौतुकाचा की टोमण्याचा हे अजून ठरत नाहीये.

लग्नातल्या भेटींचं म्हणाल तर 'चि. सौ. कां. अमुक हिस विवाहप्रसंगी मामाकडून' असलं काही पहिल्या पानावर असणं मराठी पुस्तकात इतकं नेहमीचं आहे की त्याला दोष मानायचं कारण नाही. मला तर आवडतं.

सही खरी आहे हे कसं ओळखायचं?

१. आधी बघा ती छापलेली तर नाही ना. काही पुस्तकांत प्रस्तावनेखाली किंवा फोटोखाली लेखकाची सही ब्लॉक करून छापलेली असते आणि ऑनलाइन लोक तीच 'साइन्ड कॉपी' म्हणून विकतात. भिंगाखाली छापील सही सपाट, सारखी काळी दिसते. पेनची सही असेल तर शाई कुठे दाट कुठे फिकी, बॉलपेन असेल तर पानाच्या मागे बोट फिरवल्यावर उठाव लागतो, आणि फाउंटन पेनची शाई जुन्या कागदावर हमखास थोडी फुटते.

२. तारखेशी ताळा करा. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणजे त्यानंतर निघालेल्या आवृत्तीवर त्यांची सही असणं शक्य नाही, पण असलं सांगणारे भेटतात. जेल पेन आपल्याकडे नव्वदीत रुळलं, त्यामुळे जेल पेनने केलेली आणि खाली १९६५ घातलेली सही म्हणजे काय ते समजून जा.

३. त्याच लेखकाचं हस्ताक्षर छापलेलं कुठेतरी असतंच, पत्रसंग्रहात, स्मरणिकेत. शेजारी ठेवून बघा. वय वाढलं की सही बदलते, थरथरते, हेही लक्षात घ्या, तरुणपणीच्या सहीशी म्हातारपणीची तंतोतंत जुळली तर उलट मला जास्त शंका येते.

प्रमाणपत्र वगैरे मराठीत चालत नाही. कोणाकडून आली, त्यांच्याकडे कशी आली, हे विक्रेत्याला विचारा आणि तो जे सांगेल ते कागदावर लिहून प्रतीत ठेवा, पुस्तकावर नको.

कोणाच्या सह्या सहज मिळतात, कोणाच्या दुर्मिळ?

पुलंच्या तुलनेने पुष्कळ आहेत, माणूस पन्नास वर्षं लोकांत होता. त्यामुळे २००० मध्ये ते गेले तरी सही असलेली प्रत मिळणं कठीण नाही, मात्र 'बटाट्याची चाळ'ची १९५८ ची किंवा 'व्यक्ती आणि वल्ली'ची १९६२ ची पहिली आवृत्ती, सहीसकट आणि मूळ मुखपृष्ठासकट, ही वेगळीच गोष्ट. कुसुमाग्रजांच्याही सह्या बऱ्याच आहेत, पण 'विशाखा'ची १९४२ ची पहिली आवृत्ती, जी खांडेकरांनी पुढाकार घेऊन काढली, ती सहीशिवाय मिळाली तरी पेढे वाटा.

जीए दुर्मिळ. धारवाडला कॉलेजात शिकवायचे, समारंभ टाळायचे, फोटोसुद्धा गॉगल लावून. पण पत्रं मात्र भरपूर लिहायचे. कधी एखाद्या घरातून जीएंचं पत्र निघालं तर ते सहीच्या पुस्तकापेक्षा मोठं समजा.

मर्ढेकर जवळजवळ अशक्य. ढसाळांचं 'गोलपिठा' (१९७२, तेंडुलकरांची प्रस्तावना) पहिल्या आवृत्तीत मिळणंच अवघड आहे, सही तर सोडाच, कारण तेव्हा ते पुस्तक वाचलं गेलं, हातोहात फिरलं, कपाटात ठेवलं गेलं नाही. दलित साहित्याच्या सगळ्याच पहिल्या आवृत्त्यांचं हे आहे, ग्रंथालीने १९७८ मध्ये काढलेलं 'बलुतं' बघा, मिळतं तेव्हा पाठ निघालेली, कोपरे गेलेले, दहा जणांनी वाचलेली प्रत असते. अशी प्रत 'कंडिशन खराब' म्हणून सोडू नका.

कोलटकरांचं गणित फारच विचित्र. १९७७ मध्ये प्रास प्रकाशनाने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढलं, मग मराठीत कितीतरी वर्षं शांतता, २००३ मध्ये 'भिजकी वही', २००४ मध्ये इंग्रजी 'काळा घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र', आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. म्हणजे शेवटच्या पुस्तकांवर सही करायला वेळच मिळाला नाही फारसा. मुंबईत काळा घोड्याच्या वेसाइड इन या रेस्टॉरंटमध्ये गुरुवारी त्यांच्या टेबलावर बसणाऱ्या मित्रांकडे असतील त्या असतील.

हयात लेखकांचं सोपं आहे, आणि लोक तिथेच आळस करतात. नेमाडेंची 'हिंदू' २०१० ची आहे, पहिल्या आवृत्तीची प्रत शोधायला जिवाचा आटापिटा करावा लागत नाही. आणि पहिलं पुस्तक आत्ता आलेल्या पंचविशीतल्या कवीकडून आज सही घ्यायला काहीच पडत नाही.

लेखकाकडे सही कशी मागायची?

साहित्य संमेलन, प्रकाशन समारंभ, व्याख्यानमाला. कार्यक्रम संपल्यावर, जेवणाच्या आधी. एक किंवा दोन पुस्तकं न्या, पिशवीभर नको. पेन स्वतःचं न्या, चालणारं. कोणत्या पानावर ते आधी उघडून धरा, शीर्षकाचं पान उत्तम, मुखपृष्ठाच्या आतल्या गुळगुळीत कागदावर शाई पसरते. तारीख आणि गाव घालायला विनंती करा, कोणी नाही म्हणत नाही. लेखक वयस्कर असतील तर आधी घरी फोन करून विचारा, आणि घरी गेलात तर सही घेऊन लगेच उठू नका, पुस्तकाबद्दल चार शब्द बोला, वाचलं असेल तर!

पुस्तकं शोधायची कुठे?

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत माटुंग्याचा किंग्ज सर्कलचा फुटपाथ आणि फोर्टात जे उरलेत ते. फ्लोरा फाउंटनची ती पुस्तकवाल्यांची रांग आता पूर्वीसारखी राहिली नाही. पुण्यातला अप्पा बळवंत चौक नव्या पुस्तकांसाठी. पण खरा माल येतो तो घरं रिकामी होताना, म्हणजे रद्दीवाला आणि पॅकर्स-मूव्हर्स. तुमच्या भागातल्या रद्दीवाल्याशी ओळख ठेवा, दिवाळीला त्याला मिठाई द्या, आणि किलोच्या भावावर दहा-वीस रुपये वर द्यायला कुरकुरू नका.

वाचनालयाचा शिक्का असलेली प्रत घ्यावी का?

शिक्का असला तरी चालेल, पण 'रद्द' किंवा 'नोंद कमी केली' असा दुसरा शिक्का किंवा शेरा आहे का बघा. तो नसेल तर पुस्तक वाचनालयातून परस्पर बाहेर आलेलं असू शकतं. अशा वेळी मी वाचनालयाला फोन करून विचारा म्हणतो, लोक हसतात, हसू देत. दुसरी अडचण म्हणजे वाचनालयं नवं पुस्तक आलं की आधी मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठ्याचं बाइंडिंग करायची. मग पहिली आवृत्ती हातात असते पण दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ गेलेलं. 'मृत्युंजय'ची १९६७ ची कॉन्टिनेन्टलची प्रत बिनमुखपृष्ठाची घ्यायची की नाही, यावर माझं उत्तर असं की वाचायला घ्या, जमवायला थांबा.

किंमत किती द्यावी? पुढे भाव वाढेल का?

मराठीत याचा बाजार जवळजवळ नाहीच, लिलाव नाहीत, भावाची यादी नाही. ज्याला कळतं तो सांगेल ती किंमत, ज्याला कळत नाही तो किलोवर देतो, एवढंच आहे. ऑनलाइन कोणी 'रेअर' लिहून पाच आकडी किंमत लावली म्हणून ती तेवढ्याला जाते असं नाही, वर्षानुवर्षं तिथेच पडून असते. पैसे गुंतवायचे असतील तर एफडी करा. एकेका आवृत्तीच्या हजार-अकराशे प्रती निघायच्या, त्यामुळे वस्तू दुर्मिळ आहेच, पण घेणाराही तेवढाच दुर्मिळ आहे.

इंग्रजीत लिहिणारे आपले लेखक? भारतीय आवृत्ती पहिली की लंडनची?

पुस्तकागणिक बघायला लागतं, लंडनची ती खरी असं समजू नका. 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'ची १९९७ ची दिल्लीच्या इंडियाइंकची प्रत हीच मूळ पहिली मानतात. किरण नगरकरांच्या बाबतीत तर सुरुवातच मराठीतून करायला हवी, 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४, मौज.

जपायची कशी? आमच्याकडे कोकणात चार महिने भिंती ओल्या असतात.

भिंतीला टेकून कपाट नको, चार बोटं जागा सोडा. लाकडी कपाटापेक्षा हवा खेळणारं लोखंडी बरं, वाळवीच्या दृष्टीनेही. वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेवतात ते ठीक आहे, डांबराच्या गोळ्या पुस्तकांना लागून नकोत. सिलिका जेलच्या पुड्या चालतात पण बदलत राहा. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये सगळी काढून, पंख्याखाली, उन्हात नाही, पानं हलकेच फडकवून बघा, कसर लागली असेल तर तिथेच कळतं. लागलेली प्रत बाकीच्यांपासून लगेच वेगळी.

सेलोटेप. नको. कुठेही नको. फाटलेलं तसंच राहू दे.

ब्राउन पेपरचं कव्हर घालू का?

शाळेच्या पुस्तकांना घाला.

मी अमेरिकेत असतो, इथे कसं जमवणार?

उलट तुमच्याकडे काही चांगल्या प्रती असण्याची शक्यता आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात गेलेल्या लोकांनी बॅगेतून पुस्तकं नेली, तिकडे कोरडी हवा, वाळवी नाही. शिवाय बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांना इथून लेखक येत राहिले, त्यांनी तिथे सह्या केल्या. ती पिढी आता मोठी घरं सोडून लहान घरात जातेय आणि पुढच्या पिढीला मराठी वाचता येत नाही. तुमच्या गावच्या मंडळाच्या ग्रुपवर 'जुनी मराठी पुस्तकं टाकू नका, मी येऊन नेतो' एवढा मेसेज टाका.

आजोबांचं कपाट आहे, तीनशे-चारशे पुस्तकं. काय करू?

रद्दीवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडून पहिली तीन पानं बघा आणि मग पुस्तक उलटं धरून हलकेच झटका. पत्रं, पोस्टकार्डं, निमंत्रणपत्रिका, कात्रणं पडतात. ज्या पुस्तकातून जे पडलं ते त्याच पुस्तकाबरोबर पाकिटात ठेवा, एकत्र करू नका. सही, भेटीचा मजकूर, 'आवृत्ती पहिली' असलेली बाजूला. कवितासंग्रह आणि पातळ पुस्तकं विशेष जपून बघा, तीच आधी रद्दीत जातात आणि तीच परत मिळत नाहीत. त्यातलं जे ठेवायचं नसेल ते ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा जुन्या संस्थांना आधी विचारा, घेतीलच असं नाही कारण जागेची अडचण सगळ्यांना आहे, पण यादी पाठवून विचारा, फोटो काढून नाही, टाइप केलेली यादी, लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल अशा क्रमाने.